राधाला न लागलेला ठसका

पोराची दृष्ट काढताना मिरच्या जळल्या आणि कुणालाच ठसका लागला नाही, तर तुमच्या घरी काय म्हणतात? दृष्ट जबरी होती, असंच ना? राधाच्या घरीही तेच म्हणाले.

राधा आणि तिचा नवरा लवू, दोघंही नाहूर स्टेशनजवळच्या मसाल्याच्या डंक्यावर. तो मिरची कुटतो, ती चाळते. नवीन लागली तेव्हा शिंकून शिंकून बेजार व्हायची. बाकीच्या बाया हसल्या, होईल सवय म्हणाल्या. झाली. पुढे त्याच लाल धुरळ्यात बसून ती डबा खायची, आणि त्याची तिला फुशारकी होती.

तीन वर्षांच्या श्रुतिकाला हिवाळ्यापासून खोकला. दिवसा बरी असायची. आई कामावरून येऊन कुशीत घ्यायची की पुन्हा धाप. त्या संध्याकाळी तर पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. गल्लीतला दवाखाना अजून उघडायचा होता. तेवढ्यात दृष्ट काढू म्हणून राधाने मीठ-मोहरी-मिरच्या पोरीवरून उतरवल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. धुराची चाळीत बोंब नको, म्हणून दार ओढून घेतलं.

खोली धुराने भरली. नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली. दोघांनाही काही नाही. पोर खोकत होती, पण ती आधीपासूनच खोकत होती. तिचा खोकला कोण धरणार?

"ठसकोच नाय गो," लवू म्हणाला. "लय जबरी लागलीहा. अजून टाक."

तिने मूठभर टाकल्या. श्रुतिकाचे ओठ निळे पडले, रडणं बंद झालं. राधा पुन्हा मूठ भरत होती, तोच शेजारच्या अनुपमाने दार ढकललं आणि उंबऱ्यातच खोकून खोकून दुमडली. डोळ्यांना धारा. खोकतच ओरडली,

"अगं बये, मारतेस काय पोरीला? तुम्हाला काहीच होत नाही?"

राधाच्या हातातल्या मिरच्या तिथेच गळल्या. पोरीला उचलून ती अनवाणी धावली.

इस्पितळात ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मिरचीतल्या जाळाला कॅप्सेसिन म्हणतात. ते रोज नाकात गेलं की आग कळवणाऱ्या नसा बधिर होतात, खबर देणंच सोडतात. शिवाय तो धुरळा केसांतून, साडीतून घरी येतो. पोरीला जवळ घेण्याआधी अंघोळ करा, कपडे बदला.

करा, पण कुठे? डंक्यावर बाईला आडोसा नाही, चाळीचा नळ फक्त सकाळी. राधाने मालकाकडे न्हाणीघर मागितलं. तो म्हणाला, एवढी नाजूक असशील तर घरी बस. नाजूक! जिला खोलीभर मिरचीचा धूर कळला नाही, ती नाजूक.

श्रुतिका घरी आलीय. आई आली की हात पसरते. राधा दारातच भिंतीला चिकटून उभी राहते. नको गं बाय, सकाळी घेते, म्हणते. पोर रडून रडून झोपते.

यंदा तोंडाला रुमाल बांधून मसाला कुटायला जाल, तेव्हा मालकाला विचारा, इथल्या बायकांची अंघोळीची खोली दाखव. नसेल तर आपली मिरची परत उचला, आणि का ते सांगून उचला. राधाचं तो ऐकत नाही, गिऱ्हाइकाचं ऐकेल. एवढं विचाराच.