सायकल म्हणजे नोकरी गेली

कपडा मिल बंद पडली तेव्हा मी तिसरीत होते. त्यानंतर वडील सायकलच्या मागे पत्र्याची पेटी बांधून बडा गणपती मंदिराजवळच्या गल्ल्यांतून टोस्ट विकायचे. विकून उरलेला चुरा आम्ही चहात घालून खायचो, तेच जेवण. मला त्यांनी कधी सायकलला हात लावू दिला नाही. "तू पढाई कर. ही माझ्यापाशीच संपू दे." मी शिकले. घराण्यात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. सायकलही तिथेच शिकले, मैत्रिणीची घेऊन, घरी न सांगता.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी आजारी पडले. बरी झाले, पण घरचा जिना चढताना मध्येच बसावं लागे. कोणी गेल्याचा फोन आला की "हो" म्हणून मी ठेवून द्यायचे आणि पुन्हा लॅपटॉप उघडायचे. रडू येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता शरीर हलवा, नाहीतर हा दम असाच राहील.

बदली झालेली एक सहकारी तिची सायकल माझ्याकडे ठेवून गेली होती. लॉकडाऊनमध्ये सकाळी भाजी-दुधासाठी सूट असायची, तेवढ्या वेळात मी बिजासन टेकडीकडे निघायचे. चढ लागला की उतरून ढकलायचे. मजा वाटत नव्हती, वाईटही वाटत नव्हतं. रस्ता रिकामा होता, एवढंच.

पोलिसांनी अडवू नये म्हणून ऑफिसचा ड्रेस घालायचे, गळ्यात ओळखपत्र. तिथेच चुकलं. आमच्या गल्लीत शिकलेल्या पोरीनं सायकलवर कामाला जाणं म्हणजे चांगली नोकरी गेली, आता वडिलांसारखं मिळेल ते काम. आठवड्याभरात एका सकाळी दाराच्या कडीला पिशवी लटकलेली. आत आटा, तुरीची डाळ, चहापत्ती.

आई पिशवीकडे बघत राहिली. "मिल बंद पडली तेव्हाही अशीच आली होती," म्हणाली. "उद्यापासून सायकल नको."

मी पिशवी घेऊन समोरच्या काकींकडे गेले. त्यांच्याशिवाय कोण ठेवणार?

"काकी, माझी नोकरी आहे. घरून काम चालू आहे."

"अगं, लाजतेस काय! सगळ्यांचीच जातेय."

"गेली नाही. दम लागतो म्हणून चालवते."

काकींनी मास्क खाली ओढला. "दम लागतो, म्हणून अजून दम लावायचा? ये कैसी पढाई है बाई?" मग आत ओरडल्या, "अहो, ऐकलं का? नोकरी शाबूत आहे! हौसेनं घाम गाळतेय!"

आतून काका म्हणाले, "मग आपली डाळ परत घे."

काकींनी घेतली नाही. मीही पुढे केली नाही. अन्न परत करणं आमच्यात बसत नाही.

आई आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी सायकल सोडली नाही. फक्त ओळखपत्र घरी ठेवायला लागले आणि जुना सलवार-कमीज घालू लागले. चढावर आज कुठल्या झाडापर्यंत पोचले, ते बघायचे. कधी एक झाड पुढे, कधी दोन मागे. एकदा वर वाऱ्यात उभी असताना भूक लागली. किती दिवसांनी, ते आठवेना.

पावसाळा संपल्यावर तो पूर्ण चढ मी पाय न टेकता चढले. घरचा जिना आता एका दमात चढते.