तांदळाच्या ताटात कयाधू

परवाच्या सोमवारी चाकूरला माझं नाव बदलायचा कार्यक्रम होता... झाला नाही.

आधी नाव सांगते. माझं नाव कयाधू. हो, बरोबर वाचलंत. आमच्या हदगाव तालुक्यातून कयाधू नदी जाते आणि तिच्या काठाला आमचं शेत आहे. ज्या पाण्यावर घर चालतं त्याचंच नाव लेकीला द्यायचं, एवढा साधा विचार होता पप्पांचा.

पुराणातली कयाधू म्हणजे हिरण्यकश्यपूची बायको. त्यामुळे लहानपणापासून 'राक्षसाची बायको' ऐकत आले. कुणी तसं म्हटलं की पप्पा म्हणायचे, "राक्षसाची बायको तेवढी ध्यानात राहती लोकांच्या. ती प्रल्हादाची आई हाय, ते न्हाई राहत."

नेटवर अर्थ शोधला तर एका साइटवर एक आणि दुसरीवर भलताच. सोडून दिलं... मला माझी नदी पुरते. शाळेत पूजा आणि अश्विनी ढिगाने होत्या, कयाधू मी एकटीच. गंगा चालते, गोदावरी चालते, कृष्णा चालते. मग आमच्या कयाधूनं कुणाचं काय घोडं मारलंय?

तर लग्न. स्थळ चाकूरचं, घरचं कृषी सेवा केंद्र. बघायला आले तेव्हाच मी अजितला, म्हणजे आता माझ्या नवऱ्याला, स्पष्ट सांगितलं होतं की नाव बदलणार नाही. "मला काय प्रॉब्लेम नाही," असं तो म्हणाला होता. पुरुषांचं हे 'मला काय प्रॉब्लेम नाही' घरातली मोठी माणसं समोर बसेपर्यंतच टिकतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

लग्नानंतर सोमवारी सासरी लक्ष्मीपूजन झालं. मग ताटात तांदूळ पसरले. नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात नवरीचं नवीन नाव लिहायचं, ते सगळ्यांना सांगायचं आणि पेढे वाटायचे. तिथून पुढे माहेरचं नाव बंद.

नवीन नाव अजितच्या आत्याबाईंनी काढलं होतं... आराध्या. अजितला शोभतं म्हणे. पेढ्यांच्या बॉक्सवर 'अजित आणि आराध्या' असं सोनेरी अक्षरात छापूनसुद्धा आणलेलं. नाव वाईट नाही हो. पण आज कुठल्याही गल्लीत आराध्या म्हणून हाक मारा, चार-पाच जणी धावत येतील आणि सगळ्या बालवाडीतल्या असतील.

मी अजितकडे बघितलं. तो अंगठीकडे बघत होता. मग त्यानं खाली मान घालून तांदळात 'आ' काढला.

मला भयंकर राग आला. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी तळहात फिरवून तांदूळ सपाट केले, त्याच्या हातातून अंगठी घेतली आणि लिहिलं... कयाधू. चांगलं ठळक, ताटभर.

मोबाईलवर शूटिंग करणारी नणंद मध्येच थांबली.

आत्याबाई म्हणाल्या, "आगं पोरी, राक्षसाच्या बायकोचं नाव घिऊन नांदतेत का कुठं? घराला लागंल की ते!"

मी म्हटलं, "आत्याबाई, त्या राक्षसाच्या घरात राहून तिनं प्रल्हाद वाढवला. तुमचं घर तर चांगलं आहे. मी नांदेन की."

कुणीतरी फिसकन हसलं. आत्याबाईंचा चेहरा लाल झाला. आता दुसऱ्याच दिवशी माहेरी पाठवतात की काय, असं मला खरंच वाटलं. पण वाटलं तर वाटलं, मी अंगठी खाली ठेवली नाही.

आणि इतका वेळ भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या सासूबाई उठल्या. सगळे त्यांना सुनीताबाई म्हणतात. त्यांनी बॉक्स उघडला आणि पहिला पेढा माझ्या तोंडात घातला. "लिव्हलंय तिनं. आता वाटा पेढे," एवढंच बोलल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. त्या ताटातले तांदूळ डब्यात भरत होत्या. हाताला काम असलं की माणूस बोलतं...

"माझ्या टायमाला मी वर बी बघितलं न्हाई. काय लिव्हलं ते बी ठावं न्हाई. दुसऱ्या दिवशी सुनीता, सुनीता म्हणून हाका मारून राहिले, मला काय कळंना. तर सगळे म्हणले, सून बहिरी हाय का काय!"

त्या हसल्या. मला हसू येईना. मी विचारलं, "मग तुमचं नाव काय होतं, आई?"

डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "कौतिका. आमच्या दादानं, माझ्या वडलानं, ठिवलं होतं. लई कौतुक होतं त्यास्नी माझं."

कौतिका! इतकं गोड नाव, आणि या घरात ते अजितलासुद्धा माहीत नव्हतं. मी रात्री विचारलं तर तोंड उघडं ठेवून बघत बसला. बाकी त्याच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. 'आ' काढलास कसा, याचं उत्तर मला हवंय.

काल सकाळी सासूबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, पाठ माझ्याकडे. मी दारातून हाक मारली, "कौतिकाई, चहा ठेवू का?"

"ओ!"

लगेच... हाक पुरी व्हायच्या आत. मग एकदम थबकल्या आणि ओली साडी हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

आमच्या घरात ज्यांना कुणाला नावं बदलायची हौस आहे, त्यांनी हे नीट वाचावं. मी कयाधू, माझ्या सासूबाई कौतिका. आराध्याच्या नावाचे पेढे संपलेत.