विटांची भट्टी आणि विट्याची मंडळी

आमच्या घरात पिझ्झा फक्त आईला आवडतो.

मला तो खाल्ला की झोप येते आणि वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, पित्त होतं. पण आईचं तसं नाही. तिची ही आवड सुरू झाली गुडघ्यापासून. आम्ही कोरेगावला होतो तेव्हा गुडघेदुखीसाठी तिला साताऱ्याला डॉक्टरकडे न्यावं लागे. दवाखान्याच्या खालीच पिझ्झाचं दुकान. एकदा नंबर लागायला उशीर होता, आईला भूक लागली होती, म्हणून मी तिच्या हातात पिझ्झाचा एक तुकडा ठेवला. आईने तो आधी उलटा करून पाहिला (भाकरी करपली का, हे बघायची जन्माची सवय!), मग एक घास घेतला आणि डोळे मिटले. मी घाबरलो.

डोळे उघडून म्हणाली, "संज्या, लोणी कुठल्या म्हशीचं हाय रं ह्यात?"

त्या दिवसापासून आईचा गुडघा दर रविवारी दुखायला लागला.

पुढे विमा कंपनीतल्या माझ्या नोकरीत बदली आली आणि आम्ही सांगलीला आलो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. कोरेगावात दाराशी खुर्ची टाकून बसलं की अर्धा गाव आईशी बोलून पुढे जायचा. इथे समोरचं दार बंद, शेजारचं दार बंद.

"हितं माणसं ऱ्हात्यात का नुसती दारं?" आई म्हणाली.

मी म्हटलं, "आई, रविवारी तुला साताऱ्यापेक्षा भारी पिझ्झा खायला घालतो. सांगली म्हणजे काय लहान गाव आहे होय?"

हे वाक्य बोललो नसतो तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पहिल्या रविवारी एका ठिकाणी पिझ्झावर चक्क भडंग पेरून आलं. मालक अभिमानाने म्हणाला, "सांगली स्पेशल!" आईने वरचं भडंग वेचून वेचून संपवलं, खालचा पिझ्झा त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाली, "भडंग झ्याक हाय. आता पिझा आन." दुसऱ्या ठिकाणी बेदाणे निघाले. "शिऱ्यात घालायचं हिकडं कुनी सांडलं?" असं आईने इतक्या मोठ्याने विचारलं की शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी आपापल्या ताटल्या तपासल्या. तिसऱ्या ठिकाणचं तर मी सांगणारच नव्हतो. तिथे चीज चांगलं होतं. जरा जास्तच चांगलं होतं. आईने घास तोडून तुकडा लांब नेला, चीज ताणत ताणत गेलं, आणि त्या चीजबरोबर आईची वरची कवळीही ताटलीत आली!

वैशालीने प्रसंगावधान राखून त्यावर रुमाल टाकला. मी प्रसंगावधान राखून हसलो.

घरी आल्यावर आईने कवळी धुतली, बसवली आणि पिशवीत लुगडी भरायला घेतली.

"मला यष्टीत बसवून दे. म्या कोरेगावला एकली ऱ्हाती."

"अगं, पिझ्झासाठी कुणी घर सोडतं का?"

"पिझासाठी न्हवं रं. हितं कुनी घरात बोलवत बी न्हाई. दिसभर भित्ताडाकडं बगून माझी मान दुखाय लागली."

आता गुडघ्यावरून दुखणं मानेवर चढलं होतं! मी कशीबशी एका रविवारची मुदत मागून घेतली.

ऑफिसात मुल्लासाहेब म्हणून माझे सहकारी आहेत. खाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. ते म्हणाले, "मिरज रोडला नवीन सुरू झालंय. उघड्यावर बसायचं, विटांची भट्टी, लाकडावर भाजतात. पेट्रोल पंप गेला की लाइटिंग दिसंल, तिथं आत वळायचं. विटांच्या भट्टीचीच चव, गड्या!"

रविवारी संध्याकाळी आम्ही निघालो. पेट्रोल पंप गेला. आणि लाइटिंग दिसलं! एवढं की झाडांचं पान न् पान उजळलेलं. मी रुबाबात गाडी आत वळवली. (मुल्लासाहेबांची भट्टी त्याच्या पुढच्या गेटात होती, आणि तिथे एकच बल्ब होता, हे मला नंतर कळलं.)

"अहो," वैशाली म्हणाली, "गेटवर फुलांत दोन नावं लिहिलीत. राहुल आणि ऋतुजा."

"भागीदारीचा धंदा असेल."

"मध्ये बदाम काढलाय."

"भागीदारीत प्रेम लागतंच."

आत शिरताच एका मुलीने आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं आणि हातात पेढा दिला. मी वैशालीकडे 'बघ, याला म्हणतात सर्व्हिस' अशा नजरेने पाहिलं. तेवढ्यात जाकीट घातलेले एक गृहस्थ हात जोडून धावतच आले. स्पीकरवर सनई एवढ्या जोरात चालू होती की त्यांना माझ्या कानाशी येऊन ओरडावं लागलं.

"या, या! विट्याचीच ना?"

विटा नावाचं गाव माझ्या ध्यानीमनीही नव्हतं; मला ऐकू आलं, 'विटांचीच ना?' मी म्हटलं, चांगला माणूस आहे, गिऱ्हाईक जोखून घेतोय.

"विटांचीच पाहिजे!" मी ओरडलो. "नाहीतर आम्ही कशाला एवढ्या लांब येतोय?"

त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे काय! विट्याच्या माणसांशिवाय कार्यक्रम कसला! आई, तुम्ही हितं पुढं बसा, सोफ्यावर!"

आईला तो सोफा फार पसंत पडला. दोन्ही बाजूंना काठपदराच्या साड्या नेसलेल्या बायका होत्या. आईने लगेच उजवीकडचीला गुडघा सांगितला आणि डावीकडचीला मान.

वैशाली मात्र अस्वस्थ. "अहो, सगळ्या पैठण्या नेसून आल्यात. पिझ्झा खायला?"

"सांगलीची माणसं हौशी आहेत. तुझ्यासारखं नाही, ड्रेसवर उठून आलीस."

पुढे काउंटर होते. डोशाचा, पाणीपुरीचा आणि खरोखरच एक पिझ्झाचा! पण गर्दी फार. ते जाकीटवाले गृहस्थ, त्यांना सगळे आप्पा म्हणत होते, जवळून चालले होते. मी चुटकी वाजवली. (होय, वाजवली.)

"जरा इकडे या. आमच्या आईला चीज जास्त, मिरची कमी. कडा कडक नको, कवळी आहे."

आप्पांनी स्वतः धावत जाऊन पिझ्झा आणला. आईने घास घेतला, डोळे मिटले. सगळा सोफा श्वास रोखून बघत होता. डोळे उघडून म्हणाली, "चीज आनी जरा चाललं असतं. पर लय झ्याक!"

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी उदार झालो. आप्पांना जवळ बसवून घेतलं.

"मालक तुम्हीच का?"

"व्हय, आजचा सगळा कार्यक्रम माझ्याच डोक्यावर."

"छान चालवलंय. पण एवढा थाट रोज परवडतो?"

"रोज कुठला? एकुलती एक हाय हो आमची."

मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "तिथंच चुकतंय तुमचं. एकुलती एक कशाला ठेवायची? हिचं मार्गी लागलं की दुसरी काढा. कोल्हापूरला काढा!"

आप्पांचे डोळे विस्फारले. "कोल्हापूरला? आवं, या वयात?"

"वयाचं काय? जोम पाहिजे!"

आप्पा उठले आणि पाणी प्यायला गेले. मला वाटलं, विचार करायला गेले.

थोड्या वेळाने ते फेटेवाल्याला घेऊन आले. "आमच्याकडनं मानाचा फेटा!" आप्पा म्हणाले आणि फेटेवाल्याने माझ्या डोक्याला सरासरा गुलाबी फेटा बांधला. वैशाली माझी बाही ओढत होती. "अहो, काहीतरी चुकतंय. स्टेजवर एक मुलगी साखरपुड्याची अंगठी..." पण तिला पुरतं बोलताच आलं नाही. माइकवरून पुकारा झाला, "मुलाचे थोरले चुलते, विट्याचे तात्या यांनी व्यासपीठावर यावं!" आणि आप्पांनी माझा दंड धरून मला सरळ वर नेलं!

स्टेजवर एक नटलेला मुलगा, एक नटलेली मुलगी आणि मी. मुलगा माझ्याकडे बघतोय, मी मुलाकडे. मुलीने वाकून माझ्या पाया पडल्यावर माझ्या टाळक्यात पहिल्यांदा उजेड पडला. फेटा जिथे बांधला होता, अगदी तिथेच. आता सभ्य माणसाने काय करावं? सभ्य माणसाने पैसे देऊन निघून जावं.

मी आप्पांच्या कानात म्हणालो, "बिल किती झालं?"

माइक चालू होता.

"बिल किती झालं... झालं... झालं..." असं सबंध लॉनभर घुमलं. सनई थांबली. आणि त्या शांततेत मुलाची आई खालून ओरडली, "आवं, ह्ये कोन? ह्ये आमचं तात्या न्हवंत!"

आता आप्पांची यात काही चूक नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. विट्याकडे घरटी एक माणूस सोनं गाळायच्या दुकानासाठी कुठे ना कुठे परमुलखात. हे तात्याही दूर दक्षिणेत दुकान चालवत होते. लग्न जमवताना ते आले नव्हते, आप्पांनी त्यांना बघितलंच नव्हतं. त्यामुळे पुढे बसलेला, हुकूम सोडणारा, चुटक्या वाजवणारा माणूस म्हणजे तात्याच, असं त्यांनी धरलं, आणि विट्याची मंडळी मला मुलीकडचा समजली. खरे तात्या नुकतेच रेल्वेतून उतरून थेट आलेले, साध्या शर्टात, पाठीमागे पाण्याच्या जारजवळ उभे होते. त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं!

तात्यांनी पिशवी उचलली.

"म्या मुलखाच्या पल्याडनं आलो आनी माझ्या नावाचा फेटा ह्या उपऱ्याच्या डोस्क्याला? चला रं, गाड्या काढा!"

विट्याची सगळी मंडळी उभी राहिली. नवरामुलगा कुणाकडे बघावं ते न कळून माझ्याकडेच बघत होता. मुलीच्या डोळ्यांत पाणी. आप्पा हात जोडून तात्यांच्या मागे, मी फेट्यासकट आप्पांच्या मागे, वैशाली माझ्या मागे. एका पिझ्झापायी मी एक ठरलेलं लग्न मोडत होतो! पायाखालची जमीन दुभंगावी असं वाटलं. पण लॉनवर त्यांनी हिरवी चटई अंथरली होती.

तेवढ्यात आई उठली. गुडघ्याला हात न लावता उठली, हे विशेष. हातात ताटली, ताटलीत पिझ्झा. सरळ तात्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"आवं तात्या, थांबा जरा. मी ह्या गुलाबी फेटेवाल्याची आई."

"मंग त्येला वळन लावायचं हुतं!"

"लावलं हुतं. टिकलं न्हाई." आई शांतपणे म्हणाली. "आमी पिझा खायाला निघालो आनी हितं घुसलो. चूक आमची. त्यात त्या पोरीचं काय? बगा तिच्याकडं. आनी तुमचा फेटा म्हनशीला तर नुसता वर बसलाय, आत डोस्कंच न्हाई, त्यो मळायचा कशानं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तात्या हसले नाहीत.

"सकाळधरनं काय खाल्लंय?" आईने विचारलं.

तात्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बगा! उपाशी मानसाचा राग म्हंजी पित्त. आदी खावा. मंग बी राग ऱ्हायला तर मी सवता तुमच्या गाडीचं दार लावती."

तात्यांनी ताटलीकडे संशयाने पाहिलं. "ह्ये काय, पाव हाय का?"

"पावाचा थोरला चुलता हाय. घ्या."

तात्यांनी घास घेतला. लॉनभर माणसं त्यांच्या जबड्याकडे बघत उभी. तात्या चावतायत, चावतायत. आप्पांचे जोडलेले हात तसेच. अखेर तात्यांनी गिळलं.

"चीज कमी हाय," ते म्हणाले.

"मी बी तेच म्हनत हुते!" आई ओरडली.

आणि तात्या हसले! पिशवी खाली ठेवली, दुसरा तुकडा उचलला. विट्याची मंडळी पुन्हा बसली, सनई पुन्हा सुरू झाली. फेटेवाल्याने तात्यांना कोराकरकरीत केशरी फेटा बांधला. माझा काढायला गेलो तर आप्पांनी हात धरला. "असू द्या पाव्हणं, शोभतोय. फक्त ती कोल्हापूरची दुसरी तेवढी रद्द करा."

त्या संध्याकाळी आईने आप्पांच्या घरातल्या यच्चयावत बायकांचे फोन नंबर घेतले. त्या सगळ्या आमच्याच भागात राहतात, असं निघालं. दुसऱ्या दिवसापासून आमचं दार उघडं राहायला लागलं. कुणी वाटीभर आमटी घेऊन येतं, कुणी गुडघा घेऊन येतं. लुगड्यांची पिशवी रिकामी झाली. वैशाली म्हणाली, "त्यांना पिझ्झा नको होता हो. पंगत हवी होती."

पुढे मुल्लासाहेबांची ती खरी भट्टीही सापडली. आई एकदा जाऊन आली. म्हणाली, "चव चांगली हाय. पर बोलायला कोन न्हाई."

लग्न विट्याला झालं. बोलावणं द्यायला आप्पा आणि तात्या दोघे जातीने घरी आले. दोघांनीही ते आईला दिलं. मांडवात पोचल्याबरोबर इकडच्या आणि तिकडच्या बायकांनी आईला हाताला धरून आत नेलं. दोन्हीकडून तिला साडी. वैशाली तिच्या मागोमाग गेली. मी गाडी लावून एकटाच मांडवाच्या दाराशी आलो, तर तिथे तात्या स्वतः खुर्ची टाकून बसले होते. शेजारच्या स्वयंसेवकाने माझ्याकडे बोट दाखवून त्यांना काहीतरी विचारलं. तात्यांनी गालात हसून 'त्येलाच इचार' अशी मान हलवली. तो माझ्याकडे आला.

"तुमी मुलाकडचं का मुलीकडचं?"

मी फार विचार केला. खोटं बोलायची हिंमत नव्हती. खरं सांगितलं.

"मी आईकडचा."