सड्यावरच्या टाकीसाठी

वायरचे तुकडे ती टाकून देत नसे. नखाने सरळ करून बरणीत ठेवी. चहा कपभर घेई आणि अर्धाच पिई. सोल्डर केलेल्या जागेवर कुणाला फुंकर मारू देत नसे. आपोआप निवू दे, म्हणे. विजेच्या वस्तूला हात लावताना डावा हात ओढणीत गुंडाळून पाठीमागे धरी. एका हातातून दुसऱ्या हातात करंट गेला तर तो छातीतूनच जातो, म्हणून.

हे सगळं इरमला आता एकेक करून आठवतं. स्नेहलला जाऊन महिनासुद्धा झालेला नाही.

दोघी शाळेपासूनच्या. इरम मराठी घेऊन बी.ए. झाली. स्नेहल आयटीआय करून रत्नागिरीत विनीतच्या इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानात लागली. वाडीची पाण्याची मोटर स्नेहलच्या आईच्या, कमलाबाईंच्या ताब्यात होती. मोटर खाली विहिरीवर, टाकी वर सड्यावर, कातळाच्या उंच माळावर. टाकी भरली का बघायला कातळावरची पायवाट चढायची, मग उतरून मोटर बंद करायची. उशीर झाला तर पाणी कातळावरून वाहून जाई आणि वाडी चार शब्द ऐकवी. कमलाबाईंचे गुडघे तर केव्हाच गेलेले.

"उन्हाळ्याआधी तुझं चढणं बंद करते," स्नेहल आईला म्हणाली होती.

बेत असा: टाकीत तरंगता स्विच, विहिरीवर एक पेटी, पेटीत छोटा बोर्ड. टाकी भरली की बोर्डाने रिले, म्हणजे मोटरचा विजेवर चालणारा स्विच, सोडायचा आणि मोटर बंद. पहिल्यांदा घाईघाईत तिने रिलेची कॉइल, आतलं तारेचं वेटोळं, थेट बोर्डाच्या पिनेला जोडली. दोनदा टक् टक् झालं. मग बोर्ड मेला.

 पुढच्या आठवड्यात तिने नवा बोर्ड आणला आणि इरमला समोर बसवलं.

"ही पिन एवढासाच करंट देते. कॉइलला कितीतरी जास्त लागतो. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर. बोर्डाने नुसतं सांगायचं, ओझं ट्रान्झिस्टरने उचलायचं."

"म्हणजे आमच्या घरात अब्बा बोर्ड आणि अम्मी ट्रान्झिस्टर."

"आणि तू भंगार. नीट बघ. कॉइल बंद केली की ती उलटा झटका मारते. त्यासाठी तिच्या दोन टोकांवर उलटा डायोड लावायचा. झटका तिथल्या तिथे जिरतो. नाहीतर हा ट्रान्झिस्टरही जायचा."

"मग लाव की."

"संपलेत. शुक्रवारी दुकानातून आणते आणि लावते," ती आईकडे बघून म्हणाली.

शुक्रवारी येताना वळणावरच्या खडीवर तिची स्कूटी घसरली. विनीतचा फोन आला तेव्हा इरम कपडे वाळत घालत होती. फोन ठेवून तिने उरलेले कपडेही वाळत घातले.

हॉस्पिटलने पर्स परत दिली. आत कागदाची पुडी होती. पुडीत डायोड.

नंतर विनीत भेटायला आला. पेटी उघडून बघितली.

"बाकी सगळं झालंय, काकी. डायोड तेवढा राहिलाय. पाच मिनिटांत लावून देतो."

कमलाबाईंनी पेटी त्याच्या हातातून काढून घेतली. "नको रे. र्‍हाऊ दे."

"काकी, तुमचे गुडघे," इरम म्हणाली.

"ती म्हणाली ना गो, शुक्रवारी लावते."

विनीतने आपली हत्यारं पिशवीत परत ठेवली. 

आता सकाळी मोटर चालू झाली की इरम सडा चढते. टाकीच्या काठाशी उभी राहून पाणी वर येताना बघते. भरली की खाली हाक मारते, "काकी, बंद करा."

खाली कमलाबाई बटण दाबतात.

पेटी घरात फळीवर आहे. सगळ्या जागा सोल्डर केलेल्या. फक्त कॉइलशेजारची दोन भोकं रिकामी, आणि झाकणावर ती पुडी.