चुंबळीपुढचा शेरा

शब्दकोशाच्या कचेरीत आठवडाभर एकच कुजबुज होती: विटा वाहणाऱ्या मावशींनी कोशवाल्या सरांच्या मानगुटीत हाणली. सर मानेला पट्टा बांधून फिरत होते, म्हणजे पुरावा तयारच. शिपाई तर ते ‘फाट्’ आवाजासकट सांगायचा, आणि तो त्या दिवशी रजेवर होता.

कचेरीवर नवा मजला चढत होता आणि मावशी घमेल्यानं विटा वर नेत होत्या. त्यांना वाचता येतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं. एका दुपारी पंख्याच्या वाऱ्यानं कोशातल्या एका शब्दाचं कार्ड उडून जिन्यात पडलं. मावशींनी ते सावकाश वाचलं. ‘चुंबळ. ओझे हलके व्हावे म्हणून डोक्यावर ठेवायचे कापडाचे वेटोळे. मूळ अज्ञात. लुप्त.’

त्यांचा हात आपसूक डोक्याकडे गेला. चुंबळ जागेवर होती.

घमेलं उतरवून त्या तडक सरांच्या टेबलाशी गेल्या. सर हसले. शब्दाच्या मुळाशी जाण्यात उभं आयुष्य जातं, म्हणाले. मावशींनी सांगितलं, चुंबळीखाली त्यांचंही गेलंय. त्यांची चुंबळ आईच्या चादरीची, आईची आजीच्या. मूळ हवं तर तेवढं लिहून घ्या. आईनं दिलेला शब्द मेला म्हणणारं कार्ड उद्या छापखान्यात जाणार होतं, आणि ते त्या जाऊ देणार नव्हत्या.

सरांनी छापील आधार मागितला. पन्नास वर्षांत एकाही पुस्तकात हा शब्द आला नव्हता म्हणे.

“पुस्तकं विटा वाहतात का?” मावशी म्हणाल्या. “आणि ओझं हलकं होत नाही, सर. तेवढंच राहतं. फक्त डोक्यात रुतत नाही. खोटं वाटत असेल तर उचला.”

सगळी कचेरी काम टाकून बघायला उभी राहिली. आता माघार कशी घेणार? सरांनी बाह्या सारल्या. मावशींनी चुंबळ पुढे केली, तर लुप्त वस्तू आपण वापरत नाही, असा विनोद करून त्यांनी ती बाजूला सारली आणि घमेलं डोक्यावर घेऊन जिना चढू लागले.

पहिल्या वळणावर ते थांबले.

“मावशी, ती द्या जरा.”

“ती म्हणजे काय, सर?”

सरांनी दोन्ही हातांनी घमेलं सावरलं. “चुंबळ.”

“बघा, बोलतात अजून लोक,” मावशी म्हणाल्या आणि चुंबळ देण्याआधी त्यांनी सरांना खिशातली लाल पेन्सिल काढायला लावून कार्ड पुढे धरलं. ‘लुप्त’ खोडलं गेलं, ‘हलके व्हावे’ही गेलं.

मावशींनी सरांना बोटही लावलं नव्हतं. सहा विटांचं घमेलं उघड्या डोक्यावर घेऊन सर बारा पायऱ्या चढले, आणि त्यांची मान लचकली.