शेवंतीची बांधी आणि गल्लीतली मांजरं

दोन्ही हात डोक्यावर, खांद्यावरचा दुपट्टा मातीत लोळतोय, आणि बेंबीच्या देठापासून आरोळी: "झालं! पुन्हा बसली!"

आमच्या गल्लीत कोणी कोंबडा पाळला नाही की घड्याळाला गजर लावला नाही. मामाजींची ही आरोळी उठली की दूधवाला सायकलवरून उतरायचा, नळाला पाणी यायचं आणि माझ्यासारखा आळशी शिक्षकसुद्धा दात घासायला लागायचा. "बसली" म्हणजे काय, हे तुमच्यासारख्या सभ्य वाचकांना सांगताना संकोच वाटतो. मांजर त्यांच्या शेवंतीच्या वाफ्यात बसली, आपलं काम उरकलं, वरून नीट माती ओढली, जाताजाता दोन-चार रोपं उपटली आणि गेली. एवढंच!

सगळी गल्ली त्यांना मामाजी म्हणायची, म्हणून मीही. आमचं गाव भंडारा, आणि आमची वस्ती कारध्याच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याला. गोंदिया वेगळा झाला तेव्हा जिल्ह्याची वाटणी झाली. काही जंगल तिकडे गेलं, काही तळी इकडे राहिली. मांजरं मात्र झाडून सगळी आमच्या गल्लीच्या वाट्याला आली. काळी, कबरी, पिवळी, एका कानाची, अर्ध्या शेपटीची. खोटं बोलत असेन तर मला वैनगंगेच्या पुलावरून ढकला. पोहता येतं मला.

मामाजी मूळचे अड्याळच्या बाजाराला येणाऱ्या एका खेड्यातले. धरणाचं पाणी चढलं आणि ते खेडं बुडालं. निघताना कोणी दारं आणली, कोणी कौलं, कोणी छपराच्या बल्ल्या. मामाजींनी ट्रॉली भरून माती आणली. स्वतःच्या धानाच्या शेतातली!

"शिसमचं कपाट मागं राह्यलं," मामी सांगायच्या, "अन् हे बुवा माती घेऊन आले."

ती माती मामाजींनी घरापुढे पसरली, धानाच्या बांधीला, म्हणजे भाताच्या खाचराला, घालतात तसा चारी बाजूंनी बांध घातला आणि पांढरी शेवंती लावली. त्याला वाफा म्हटलेलं त्यांना खपत नसे. "वाफा नाई जी गुरुजी, बांधी म्हना. माही बांधी हाय हे."

त्यातच त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा लाखनीचा. लग्न आमच्याच वस्तीतल्या विहारात, हिवाळ्यात, ऐन शेवंतीच्या दिवसांत. वंदना होणार, मग नवरा-नवरी एकमेकांना पांढरे हार घालणार. मामाजींनी भर चौकात जाहीर केलं, "दोनी हार याच मातीतले! बजारातलं एक फूल आनलं तं नाव बदलून ठेवजा. पोट्टीले गावची जमीन नाई देऊ शकलो, गावच्या मातीचं फूल तं देईन."

आता कळलं ना, मांजर नेमकी कुठे बसत होती ते?

युद्ध पेटलं! पण योद्ध्याचे हात बांधलेले. मामाजी रोज सकाळी पंचशील म्हणणारे, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न दुखावण्याचं. दगड नाही, काठी नाही, गरम पाणी तर नाहीच. नुसत्या अकलेवर लढायचं होतं, आणि मांजरांकडे ती जास्त होती.

आधी संत्री. मांजराला संत्र्याच्या सालीचा वास सोसत नाही, असं ते कुठूनसं ऐकून आले. गल्लीला हुकूम सुटला: संत्री खा, सालं आणून द्या. आम्ही खाल्ली. इतकी खाल्ली की माझ्या फळ्यावर पांढरा खडू केशरी उमटायला लागला! मांजरांनी सालं हुंगली, पंजाने बाजूला सारली आणि मोकळ्या झालेल्या जागेत बसली.

मग तिखट. पुडा फोडता फोडता मामाजी अडखळले. "गुरुजी, मांजरीले ठसका लागला तं ते हिंसा होते का?"

"थोडीशी होईल," मी म्हणालो.

"मंग आंधी मीच हुंगून पाह्यतो."

हुंगलं. त्यानंतर जी शिंक आली तिने विहारावरचा झेंडा वाऱ्याच्या उलट्या दिशेने फडकला आणि हायवेवरचे ट्रक कडेला लागले. तिखट रद्द! पुढे बुजगावणं आलं. मामाजींचाच जुना शर्ट, आत धानाची तणस, म्हणजे वाळका पेंढा. कबऱ्या मांजरीने शर्टाचं एक बटण काढलं आणि आतल्या उबदार तणसीत राहायलाच गेली.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर रोज घडत होती आणि मला दिसत नव्हती. मांजर बसून गेली की मामाजी ती जागा खणायचे. एकेक ढेकूळ हाताने फोडायचे, माती चाळणीने चाळायचे, वरून राइस मिलमधली कोंड्याची राख पसरायचे. धानाचं बी टाकण्याआधी रोपांसाठी जमीन करतात, अगदी तशी. जन्मभर हेच केलेलं. माती मैद्यासारखी मऊ झाली की त्यांच्या जीवाला बरं वाटायचं. मांजरांच्याही.

एक दिवस मामी दारातूनच कडाडल्या, "अजी, मांजरीले कडक जागा नाई चालत! तुमी रोज गादी झाडून देता, मंग ते काहून नाई येनार?"

मामाजी चाळणी घेऊन उभेच राहिले. चेहऱ्यावर आधी अमावस्या, मग पौर्णिमा. "असं हाय तं!"

त्याच दुपारी बांधीत रोपांच्या मधल्या जागेत तुराट्यांचे तुकडे उभे रोवले गेले. मांजराला बूड टेकायला जागा उरली नाही. आणि परसात, लिंबाखाली, नदीची रेती नि कोंड्याची राख घालून एक नवा, सुंदर, मऊ वाफा तयार झाला. खास मांजरांसाठी!

"हे यांचं पुनर्वसन," मामाजी मला ऐटीत दाखवू लागले. "आमाले भेटलं त्याहून बरं हाय. सावली हाय, जागा सपाट हाय, अन् आंधी बांधून देल्लं, मंग उठवलं."

आणि काय सांगू, मांजरं गेली! एकजात सगळी! गल्लीने सुटकेचा श्वास सोडला. शेवंती अशी फुलली, अशी फुलली, की शेजारच्या भिंतीला चुना मारायची गरज राहिली नाही. एकेक फूल पुरीएवढं. बरं, पाणीपुरीच्या पुरीएवढं. पण तीसुद्धा काही लहान नसते.

लग्न तोंडावर आलं, आणि एका सकाळी पुन्हा मामाजींच्या दारात गर्दी. आरोळी मात्र नाही. मामाजी बांधीशी उकिडवे बसलेले, ओठावर बोट. सर्वांत दाट, सर्वांत गच्च फुललेल्या झुडपाखाली, तुराट्यांच्या आडोशाला कबरी पसरली होती आणि तिच्या पोटाशी पिल्लं चिकटली होती. कुत्र्यालाही आत शिरता येऊ नये असा पक्का किल्ला तिला मामाजींनीच बांधून दिला होता!

"कापडात गुंडाळून परसात ठेवा," मी म्हणालो.

"डोळे नाई उघडले जी अजून."

"मग ती फुलं कशी तोडणार? तुमचा अर्धा हार तिथेच आहे!"

मामी म्हणाल्या, "मांजर पिल्लायले सात घरं फिरवते म्हंतात. हालंल आपसूक."

"सात घरं!" मामाजी हळूच म्हणाले. "आमी एकडाव निघालो, तं अजून निघूनच राह्यलो."

कबरी हलली नाही. आज हलेल, उद्या हलेल करता करता लग्नाचा दिवस उजाडला. मामाजींनी बाकीची सगळी शेवंती तोडली. ते एक झुडूप तसंच उभं. मामी हार गुंफायला बसल्या. नवरदेवाच्या गळ्यात पडायचा हार झाला, आणि मुलीच्या गळ्यातला निम्म्यातच संपला. मामींच्या डोळ्यांत पाणी. "आना ना जी बजारातून मुठभर. कोनाले समजते?"

"मले समजते," मामाजी म्हणाले. उठले, झुडपापाशी गेले, हात पुढे केला. कबरी फिस्कारली. हात मागे आला. असा माणूस मी कधी पाहिला नव्हता: फुलं हातभर अंतरावर, वेळ टळत चाललेली, आणि कपाळावर हिवाळ्यात घाम.

तेवढ्यात पांढऱ्या साडीत नवरी बाहेर आली. तिने झुडूप पाहिलं, पिल्लं पाहिली, बापाला पाहिलं. "बाबा, आखूडच हार द्या मले. राहू द्या तिचं घर."

लाखनीच्या पाहुण्यांना ती नवी फॅशनच वाटली.

मामाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. बांधीच्या जागी दुसऱ्याची मोटारसायकल उभी असते. पण मला ते दिसतात ते त्या दुपारचे.

पाठवणी झाली, रडारड झाली, नवरीची जीप निघाली. दारापुढून जेमतेम हलली असेल, आणि बांधीतून कबरी बाहेर आली. तोंडात पिल्लू! आताच निघायचं सुचलं तिला. मामाजी धावले, थेट जीपपुढे उभे राहिले, दोन्ही हात पसरून. "थांबवा! थांबवा!"

करकचून ब्रेक. आतून नवरदेवाचा काका ओरडला, "अरे, मांजर आडवी गेली!"

"आडवी नाई गेली जी, घर बदलून राह्यली," मामाजी म्हणाले. "शकुन-अपशकुन आपन कवाचेच सोडले. बसा निवांत."

कबरीने पिल्लू रस्त्यापलीकडे माझ्या ओसरीत ठेवलं आणि दुसरं आणायला परत फिरली. रमतगमत. एरवी विजेसारखी पळणारी मांजर त्या दिवशी पाहुणीसारखी चालत होती. ड्रायव्हरचा हात भोंग्यावर होता, पण भोंगा वाजला नाही. काचेच्या आत आखूड हार घातलेली मुलगी, काचेबाहेर बाप. कबरी जात होती, येत होती, आणि ती दोघं एकमेकांकडे बघत होती.

शेवटचं पिल्लू ओसरीत पोचलं. कबरीही आत गेली. रस्ता मोकळा झाला.

मामाजींचे हात मात्र अजून पसरलेलेच होते.