तीस दिवसांची मुदत

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या तहसील कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला आणि निराधार पेन्शनच्या अर्जांचा प्रोग्राम मी लिहिला. सगळा मराठीत, मोठ्या अक्षरांत. कचेरीत वर्षानुवर्षं तुंबलेल्या फायलींची मला भारी चीड होती. म्हणून मी एक हुशारी केली: अपुऱ्या कागदांबद्दल पत्र गेल्यावर तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर अर्ज आपोआप रद्द.

पत्रं दिवाळीनंतर गेली.

उन्हाळ्यात एक विधवा म्हातारी न फोडलेलं पत्र घेऊन आली. लेक-सून ऊस तोडायला गेले, तेव्हा नातवंडं सांभाळायला तीही गेली होती. पत्र बंद घराच्या उंबऱ्यात पडून होतं. मी स्क्रीन तिच्याकडे वळवून 'रद्द' वाचून दाखवलं.

"त्याला सांगा ना सायेब," कॉम्प्युटरकडे बघत ती म्हणाली, "आमी तोडीला गेल्तो."

मी यादी काढली. तोडीला जाणारी गावंच्या गावं रद्द झाली होती.

त्या यंत्राला कुठून कळणार? पण मला कळायला काय झालं होतं? दर दिवाळीनंतर माझीही शाळा बुडायची. आईबापाबरोबर मीही उसाच्या फडातच असायचो.